घर धरून बसलेली

मे महिन्यातली सकाळ होती. मेना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून केपरच्या काटेरी झुडपाच्या कळ्या निवडत होती. शेतांच्या दगडी बांधांवर या कळ्या फुकट मिळतात, पण तोडताना काटे हाताची चाळण करतात. बरणीत कळ्यांचा एक थर, वर जाड मीठ, पुन्हा कळ्या, असं तिचं काम चाललं होतं. आतल्या खोलीत तिची आई रोझार्या अंथरुणावर पडल्या पडल्या देखरेख करत होती.

"मेना, मीठ नीट घातलंस का?"

"घातलं गं आई."

"मागच्या वर्षीही असंच म्हणालीस. सगळ्या कळ्यांना बुरशी आली."

"मागच्या वर्षी मीठ तू घातलं होतंस."

"तरीच चव बरी होती," आई म्हणाली.

फळीवरचा रेडिओ आपल्या तंद्रीत बोलत होता. बातम्या लागल्या. परदेशातल्या मानवी हक्कांच्या कोर्टाने माल्टाच्या सरकारविरुद्ध निकाल दिला होता. सिज्जीवी गावातल्या एका घरमालकाचं घर जुन्या भाड्याच्या कायद्यात अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या हक्कावर गदा आहे, असं कोर्टाचं म्हणणं होतं. मेनाचा मिठातला हात तसाच राहिला. ते घर म्हणजे हेच घर. ती बसली होती तो उंबराही त्यातच आला.

"कुणाबद्दल सांगतायत?" आईने विचारलं.

"हवामान सांगतायत," मेना म्हणाली.

आमच्या बेटावरचा तो कायदा परक्या माणसाला खरा वाटत नाही. जुन्या भाड्याच्या घराचं भाडं वाढत नाही आणि भाडेकरू निघत नाही. भाडेकरू वारला तर घर मालकाकडे परत जावं, अशी कुणाचीही समजूत होईल. तसं होत नाही. त्या घरात भाडेकरूबरोबर राहत असलेल्या रक्ताच्या माणसाकडे भाडं चालत जातं. राहत असलेलं माणूस हवं, एवढीच अट. कायदा करणाऱ्यांनी ती गरिबाच्या लेकराला बेघर करू नये म्हणून घातली असेल, पण आमच्या लोकांनी त्यातून भलताच धडा घेतला. बसच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं प्रत्येक घर एकेक पोर आत टाकून धरू लागलं. बाकीची भावंडं लग्नं करून बाहेर पडत आणि एकाला मागे ठेवलं जाई. बहुतेक वेळा मुलगीच. या रीतीला आमच्याकडे नावही नाही. नाव असतं तर कुणाला तरी लाज वाटली असती.

मेनाचं पूर्ण नाव फिलुमेना. ती बावीस वर्षांची असताना तार्चिस नावाचा दगडफोड्या तिच्यावर जीव टाकून होता. तो ऑस्ट्रेलियाला निघाला आणि म्हणाला, चल. बाप म्हणाला, "दोनच वर्षं थांब. काहीतरी सोय करतो, मग खुशाल जा." दोन वर्षांनी बापाने पुन्हा तेच सांगितलं. तार्चिसची पत्रं आधी दर आठवड्याला येत, मग नाताळला, आणि शेवटी एकदा त्याच्या लग्नाचा फोटो आला. नवरी मेनासारखीच ठेंगणी होती.

नुसतं राहून भागत नव्हतं. राहते आहे हे दिसावं लागे. उद्या मालक कोर्टात म्हणाला की ही इथे राहतच नाही, तर साक्षीला गल्ली हवी. म्हणून बापाने नियम घातला. रोज संध्याकाळी चर्चात जपमाळेची घंटा झाली की मेनाने रस्त्यावरच्या लाकडी सज्जात दिवा लावून बसायचं. निळा स्वेटर घालायचा, म्हणजे लांबून ओळखू येईल. पुढे बाप वारला, भाडं आईच्या नावे झालं, पण नियम तसाच राहिला. एकदा तिचं अपेंडिक्स कापलं तेव्हा ती इस्पितळात होती. तेव्हा भावाची बायको तो निळा स्वेटर घालून रस्त्याकडे पाठ करून सज्जात बसली होती. आख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. गल्ली हसली आणि गप्प राहिली, कारण गल्लीतल्या बऱ्याच घरांत असाच एखादा स्वेटर होता.

समोरच्याच सज्जात पाउलिना बसायची. मेनापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण धंदा तोच. घंटा झाली की दोघी एकमेकींना हात करत. बायका म्हणत, किती श्रद्धाळू आहेत गं दोघी!

मालकाचं नाव चेन्सु. तो काही मोठा जमीनदार नव्हता. गोदीत आयुष्यभर जोडकाम केलेला माणूस. मावशीने मरताना हे घर त्याच्या नावे केलं आणि ते कपाळी आलं भाडेकरूसकट. स्वतः तो बायकामुलांसह दुसऱ्याच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत राहिला. त्याचा मुलगा लग्नाचा झाला, घर मिळेना म्हणून कॅनडाला गेला. रोज संध्याकाळी गावच्या बँडवाल्यांच्या क्लबात गप्पा मारायला जाताना चेन्सु मान वर करून सज्जाकडे बघायचा. मेना खाली बघायची. तो तिला जळू म्हणायचा, तोंडावर. ती त्याला काही म्हणत नसे, पण झोपताना त्याच्या नावाने बोटं मोडायची. केस लढायला लागल्यापासून गावाने त्याचं नाव पाडलं होतं फ्रान्सवाला, कारण ते कोर्ट फ्रान्समध्ये होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकात चेन्सुने सगळ्यांना चहा पाजला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणणारे आता त्याच्या पाठीवर थाप मारत होते. "मग फ्रान्सवाल्या, राहायला कधी जातोस?"

"सरकारने आता त्यांना निघायलाच लावलं पाहिजे. निकाल आहे!" चेन्सु म्हणाला.

त्याचा आनंद आठवडाभर टिकला. सरकारने त्याला भरपाई दिली. कायदा बदलण्याचा विचार चालू आहे, असं पत्र पाठवलं. घराचं काय, असं विचारायला तो कचेरीत गेला तर तिथला माणूस म्हणाला, "बाबा, तुमचा हक्क मोडला असं कोर्टाने म्हटलंय. बाईला बाहेर काढा असं कुठे म्हटलंय?" केस जिंकूनही घोंगडं भिजतच राहिलं. चेन्सु पुन्हा संध्याकाळी मान वर करून चालू लागला.

त्यानंतरच्या एका रविवारी मेनाचा भाऊ विस्तीन जेवायला आला. मेनाने सशाचा रस्सा केला होता. विस्तीन बोलण्यात गोड होता. मेनापेक्षा धाकटा, आणि धाकटेपणाचे सगळे फायदे घेऊन वाढलेला. मुख्य शहराजवळ त्याचा फ्लॅट होता, कर्जाचा. तोंड पुसत तो म्हणाला, "वकिलाशी बोललो. घाबरायचं कारण नाही. निकाल फ्रान्समध्ये, घर सिज्जीवीत. घरात माणूस आहे तोवर कुणी हात लावत नाही."

"मी आहेच की," मेना म्हणाली.

"तू आहेस गं. पण तुझी शुगर बघ, तुझं वय बघ. आई आज आहे, उद्या नाही. मग तू. आणि तुझ्यानंतर?" त्याने ब्रेडने ताटातला रस्सा पुसून घेतला. "मी म्हणतो, इलेनियाला इथेच राहायला पाठवतो. सप्टेंबरपासून. तुला सोबत होईल, आईला बरं वाटेल."

इलेनिया त्याची मुलगी, एकोणीस वर्षांची. विमानाची इंजिनं दुरुस्त करायला शिकायचं तिचं वेड. जर्मनीत तिला जागाही मिळाली होती, सप्टेंबरपासूनच.

"आणि तिचं जर्मनी?"

"दोन वर्षं पुढे ढकलू. इंजिनं काय पळून जातायत?"

मेनाच्या हातातलं पातेलं जरा जोरात ठेवलं गेलं. आईने आतून विचारलं, काय पडलं गं?

सप्टेंबरात इलेनिया पिवळ्या बसमधून उतरली, एक बॅग आणि रडून सुजलेले डोळे घेऊन. पोरगी तोंडाने फटकळ होती. तेवढ्याने मेनाला बरं वाटलं.

"मेनाआत्या, बाबा म्हणालेत रोज संध्याकाळी सज्जात बसायचं. मी काय कुंडी आहे का?"

"बसू नकोस मग."

"बसले नाही तर बाबांना फोन जाईल. गल्लीत त्यांची माणसं आहेत म्हणे. कोण गं?"

मेनाने समोरच्या सज्जाकडे बघितलं नाही. "सगळेच," ती म्हणाली.

ऑक्टोबरातली एक संध्याकाळ. मेना पाव आणायला बेकरीत गेली होती. परतताना जपमाळेची घंटा झाली आणि तिचे पाय सवयीने भराभर उचलले गेले. गल्लीच्या तोंडाशी येऊन तिने वर पाहिलं. सज्जात दिवा लागला होता. निळा स्वेटर घालून, मान जरा वाकवून एक बाई बसली होती. समोरून पाउलिनाने हात केला. स्वेटरवालीने हात केला. त्याच वेळी चेन्सु क्लबाकडे निघाला होता. त्याने मान वर केली, "जळू," असं पुटपुटला आणि पुढे गेला. खरी मेना दहा पावलांवर पाव छातीशी धरून उभी होती, तिच्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

मेना भिंतीला टेकली. पाव गरम होता, तरी तिला थंडी वाजली. वर इलेनिया बसली होती. वारा सुटला म्हणून आजीने तिला खुंटीवरचा स्वेटर घालायला सांगितलं होतं, एवढंच. आपण इतकी वर्षं अशाच दिसत होतो, हे मेनाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आतून कधी दिसलंच नव्हतं.

ती जिना चढून गेली. "काढ तो स्वेटर."

"अगं, थंडी आहे आत्या."

"माझा कोट घे. स्वेटर काढ." मेनाने कोट पुढे केला. "बाप किती वर्षं म्हणाला?"

"दोनच."

"मलाही दोनच म्हणाले होते."

पोरीचे दोन्ही डोळे भरले, आणि मेनाचेही. पण काय करायचं, हे दोघींनाही कळेना. आईला अंथरुणातून हलवायचं कुठे? नव्वदीला टेकलेली म्हातारी, हीच भिंत, हाच कोपरा ओळखणारी. दार उघडं असून पाय बाहेर टाकता येऊ नये, अशी ती कोंडी होती. मेनाने इलेनियाला एवढंच सांगितलं, "जर्मनीच्या लोकांना कळव. जागा राखा म्हणावं, नाताळानंतर येते."

"आणि बाबा?"

"बाबाला मी बघते."

कशी बघणार, हे तिला ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात पाऊस लागला आणि रोझार्याची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, आता जवळ बसा. मेना हात हातात घेऊन बसली. दुपार कलली तशी म्हातारीने डोळे उघडले. मेनाला वाटलं, आई आता काहीतरी प्रेमाचं बोलेल. इतकी वर्षं तिने वाट पाहिली होती, तिला तेवढं हवंच होतं.

"घंटा झाली?" आईने विचारलं.

"अजून नाही."

"झाली की सज्जात बस. दिवा लाव. दिसलं पाहिजे तू आहेस." मग थोडं थांबून, "विसरशील."

"नाही विसरणार," मेना म्हणाली. ती आयुष्यात कधीच विसरली नव्हती. घंटा व्हायच्या आत आई गेली. त्या संध्याकाळी सज्जात कुणी बसलं नाही, आणि गल्लीत कुणी त्याची आठवणही काढली नाही, कारण मयताच्या घरी तेवढी सूट असते.

आमच्याकडे भाडेकरू वारला की मागे राहिलेल्या माणसाने साक्षीदार घेऊन मालकाच्या दारी जायचं आणि भाडं पुढे करायचं. मालकाने घेतलं तर त्याने नवा भाडेकरू मान्य केला. नाही घेतलं तर वकील ते कोर्टात भरतो आणि घर राहतंच. मालक भाडं घेत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी हे नाटक करावं लागतं. आईला जाऊन आठवडा झाला नाही तोच विस्तीन आला. इलेनियाला बरोबर घेतलं, कारण तीही त्याच घरात राहते हे मालकाला दिसायला हवं होतं.

"भाडं पुढे करायचं, तो नाही म्हणेल, आपण परत यायचं," रस्त्यात विस्तीन समजावत होता. "तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मी बोलेन."

मेना पुढे चालत राहिली.

चेन्सुने दार उघडलं. मागे अंधारी खोली, टेबलावर अर्धवट सोललेलं संत्रं. त्याने तिघांकडे बघितलं आणि काय ते समजला. "आईचं वाईट वाटलं," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. "पण भाडं मी घेणार नाही. चला."

मेनाने पर्समध्ये हात घातला आणि टेबलावर संत्र्याच्या सालींशेजारी किल्ली ठेवली. दरवाजाची जुनी लोखंडी किल्ली, वीतभर लांब.

मग विस्तीन ओरडला, "वेड लागलं का तुला? उचल ती!"

गंमत अशी की चेन्सुनेही हात लावला नाही. जन्मभर वकिलांकडे खेटे घातलेला माणूस. तो दोन पावलं मागे सरकला. "यात काय डाव आहे? वकिलाला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"डाव नाही," मेना म्हणाली. "तुम्ही केस जिंकलात ना? मग घ्या. सरकार देत नाही तर मी देते. सामान काढायला चार दिवस द्या."

"मेना!" विस्तीनचा गोडवा पार उतरला होता. "अख्खा जन्म घालवलास त्या घरात, आणि आता पाण्यात टाकतेस? पोरीच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतेस?"

"छप्पर?" मेना वळली. इतक्या वर्षांत भावाने तिचा हा आवाज ऐकला नव्हता. "अरे, मी रुमाल होते रे तुमचा! खिडकीतून टाकलेला. बाबांनी टाकला, तू बसलास ऐसपैस. गाडी कधी सुटली, मला कळलंसुद्धा नाही. आता या पोरीला टाकतोस? हात तरी कसा धजला तुझा?"

"बाबा, मी जर्मनीला जाणार आहे," इलेनिया म्हणाली. तिने हे इतक्या हळू म्हटलं की विस्तीनला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा तिने मोठ्याने सांगितलं.

चेन्सु खुर्चीत बसला. "मला वाटायचं, तूच माझं घर बळकावून बसलीयस," तो मेनाला म्हणाला. "रोज शिव्या घातल्या तुला."

"ऐकू यायच्या."

"मग तेव्हाच का नाही दिलीस किल्ली?"

"माझ्या हातात कधी होती? फ्रान्समध्ये त्यांनी तुमच्या घराचं विचारलं. आत कोण कोंडलंय, हे कुणी विचारलंच नाही. तुम्हीही नाही."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. मग त्याने किल्ली उचलली आणि दोन्ही हातांत धरून बसला. "आता तू कुठे जाशील?"

याचं उत्तर मेनाकडे होतं, फार चांगलं नव्हतं इतकंच. गावाबाहेर नन्सचा वृद्धाश्रम आहे. म्हाताऱ्या माणसांना उचलायला, कुशीवर वळवायला, भरवायला तिथे बाई हवी होती. ते काम तिच्याइतकं कुणाला येत होतं? राहायला एक खोली, एक खाट. विस्तीनने त्याच दाराशी सांगून टाकलं की यापुढे तुझं-माझं नातं संपलं. तो शब्दाला जागला. इलेनिया नाताळानंतर गेली. तिचं पत्र येतं, हातांच्या तेलकट काळ्या डागांसकट. चेन्सुने घर रंगवून घेतलं आणि मुलाला कॅनडाला फोन केला. मुलगा म्हणाला, बाबा, आता माझी मुलं इथल्या शाळेत आहेत. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले. म्हातारा एकटाच त्या मोठ्या घरात जाऊन राहिला, आणि संध्याकाळी सज्जात बसत नाही.

न्याय झाला का? तुम्हीच सांगा. कोर्टाने निकाल दिला, सरकारने पत्रं लिहिली, आणि तो निकाल अमलात आणला साठीला आलेल्या एका बाईने, स्वतःला बेघर करून. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण पोरीला घरात टाकायला कायद्याने सांगितलं नव्हतं. ते आपण केलं, आईबापांनी, भावांनी, आणि साक्ष द्यायला तयार असलेल्या सगळ्या गल्लीने.

मेनाला रविवारी सुट्टी असते. पहिल्या रविवारी ती गावात आली आणि जपमाळेच्या घंटेला बरोबर आमच्या गल्लीत उभी राहिली. वर बघून तिने हाक मारली, "पाउलिना, खाली ये. चौकापर्यंत फिरून येऊ."

पाउलिनाने नुसता हात केला. तिच्या भावाने खिडकीचं दार आपटलं. दुसऱ्या रविवारी मेना पुन्हा आली. तिसऱ्या रविवारीही. लोक चिडवायला लागले, पोरं तिच्या हाकेची नक्कल करायला लागली. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आता तिला कुणी बघावं म्हणून ती उभी राहत नव्हती.

काल पुन्हा घंटा झाली. मेनाने हाक मारली. पाउलिनाच्या सज्जातला दिवा तसाच जळत राहिला, पण खुर्चीतली बाई उठली. आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे राहून ऐकत होतो. आधी जिन्यावर पावलं वाजली. मग खालची कडी निघाली.